आपल्या माणसाकडून घेतलेली स्कूटर

नरहरीकाका रिटायर झाले, पण त्यांची ड्यूटी काही सुटली नाही. आमच्या सेक्टर सहामध्ये कोणाच्याही घरी चहाला आले की आधी ओट्याखाली वाकणार आणि गॅसच्या नळीवरची तारीख वाचणार. तीस वर्षं इथल्या स्टील प्लांटच्या सेफ्टी विभागात काढलेला माणूस. आम्ही हसायचो, पण ते शेजारी आहेत याचं मनातून बरंही वाटायचं.

अशा माणसाला गंडवणं परक्याला जमलंच नसतं.

धनंजय त्यांच्या वारलेल्या मित्राचा मुलगा. काकांनीच त्याला मार्गी लावलं. त्याने जवळच्या रुआबांध्यात इलेक्ट्रिक स्कूटरचं दुकान टाकलं, तेव्हा पहिली गाडी काकांनी नात मृणालसाठी घेतली. फॉर्म भरताना धनंजय म्हणाला, "काका, ओटीपीची झंझट तुमाले कायले? माह्याच नंबर टाकतो. कंपनीचं काही आलं त मी हाओ ना!" काका खूश. गणपतीत त्यांनी मंडळातल्या सगळ्यांना सांगितलं, घ्यायची तर आपल्या धनंजयकडूनच. अकरा घरांनी घेतली, त्यात आम्हीही. प्रत्येक फॉर्मवर धनंजयचाच नंबर. विदर्भातून इकडे येऊन दोन पिढ्या झाल्या, तरी ‘आपला माणूस’ म्हटलं की आम्ही कागद वाचत नाही.

मागच्या महिन्यात मृणालच्या गाडीचा ब्रेक वाजायला लागला. धनंजयचं दुकान त्या दिवशी बंद, म्हणून काका आणि मृणाल दुर्गला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेले. तिथल्या मेकॅनिकने गाडीचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि हातातला पाना खाली ठेवला. "अंकल, इसकी बैटरी तो कंपनी ने वापस बुलाई है. चार्जिंग में आग पकड़ सकती है. आठ महीने हो गए, तीन मैसेज गए हैं आपको."

मेसेज कोणाला गेले ते सांगायला नको. आठ महिने ती बॅटरी रोज रात्री मृणालच्या खाटेशेजारी चार्जिंगला लागत होती.

काका तडक धनंजयच्या घरी गेले. मृणालने पुढचं सगळं मला सांगितलं. धनंजय आधी गोंधळला, मग हसला. "काका, नव्या बॅटऱ्या कमी आल्या होत्या. बाहेरचे लोक भांडतात, म्हनून त्याईले आधी देल्या. तुमी त आपलेच, थांबसान म्हटलं."

अंगणात त्याच्या बायकोची तशीच स्कूटर उभी होती. काकांनी सीट उचलली. आत बदललेली नवी बॅटरी, तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

"बाहेरच्याईले देल्या म्हनतोस," काका म्हणाले. "तुही बायको बाहेरची हाय का रे?"

मला विचाराल तर धनंजयच्या दोन मुस्काटात द्यायला हव्या होत्या. काकांनी दिल्या नाहीत. ते घरी आले आणि वही घेऊन पायीच निघाले, एकेक घर करत. प्रत्येक दारात तेच सांगत होते. "आजपासून चार्जिंग बंद. बॅटरी घरात ठेवू नका, कोनाले विकू नका. बिल शोधा. गाडीचा नंबर द्या मले, कंपनीले मी लिवतो. बॅटरी फुकट बदलून भेटते, तो आपला हक्क हाय. अन् फॉर्मवर आता सोताचा नंबर टाका."

अकरावं घर आमचं. माझी दोन लेकरं आत गाढ झोपली होती आणि त्यांच्या खोलीतच चार्जरचा लाल दिवा जळत होता. मी धावत जाऊन प्लग उपसला. तशीच बाहेर आले. राग धनंजयचा होता, पण समोर काका होते.

"काका, धनंजयला आम्ही कुठं ओळखत होतो? आम्ही तुमच्या शब्दावर घेतली."

माझी जीभ झडायला हवी होती. काकांनी वही मिटली.

"मालूम हाय वसुंधरा," ते म्हणाले. "दहाही घरी हेच आयकून आलो."