आचाऱ्याचं नाक आणि पांढरा चहा

चादरीची दोन टोकं बायकोच्या हातात, दोन आचाऱ्याच्या. घडी अर्धी झाली आणि आचारी खिडकीबाहेर बघत उभाच राहिला.

"अहो, ओढा की! मी काय एकटीच रस्सीखेच खेळू?"

त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तापातून उठल्यापासून त्याच्या नाकाने संप पुकारला होता. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये उभी हयात काढलेला माणूस. लांबून नुसत्या वासावर कांदा किती परतला ते सांगायचा. आता फोडणीचा कोळसा झाला तरी पत्ता नाही! मॅनेजर भला होता, पण त्यालाही माणसं जेवू घालायची होती. "या आठवड्यात आलात तर ठीक, नाहीतर दुसरा आचारी बघतो," असं त्याने कळवलं होतं.

चादर खुर्चीवर टाकून आचारी स्वयंपाकघरात शिरला. बहिणीने पाठवलेला नवा डबा त्याने फोडला: पांढरा चहा, त्यात वाळलेली फळं नि मसाले. हाताच्या सवयीने दूध घालून त्याने तो चांगला खळाखळा उकळला. फळांच्या आंबटपणाने दूध फाटलं.

"डब्यावर चहा लिहिलंय हो," बायको पदराआड हसली, "रांधा असं नाही लिहिलेलं."

"उकळल्याशिवाय चहा होतो कधी?"

"हा होतो. गरम पाणी ओता आणि झाकून गप्प बसा. तेवढं गप्प बसणं जमलं तर बघा."

बसला बिचारा. मग झाकण उचललं. रंग वाळल्या गवताचा. वाफेत तोंड घालून, "हे तर पेला विसळलेलं पाणी," म्हणता म्हणता तो थबकला.

"अगं... लवंग!"

"डब्यावर वाचलं असेल."

"चष्म्याशिवाय? थांब, दालचिनी पण आहे. आणि संत्र्याची साल. मागून सफरचंद येतंय बघ, हळूच."

बायकोने डबा फिरवून वाचला. डोळे भरले. मनातल्या मनात तिने देवाला हात जोडले, पण तोंडाने म्हणाली, "नासपती राहिलं."

"राहू दे. नाक आजच कामावर रुजू झालंय, पहिल्याच दिवशी किती राबवू?"

त्याने घोट घेतला. हलकी गोडी आधी आली, लवंग सावकाश जिभेवर चुरचुरली. दुसरा पेलाही त्याने तसाच, फुंकर घालत, डोळे मिटून संपवला आणि मॅनेजरला फोन लावला, "उद्या येतोय, साहेब."

एप्रन लाँड्रीतच पडून होता. चपला पायांत सरकवून तो आणायला आचारी निघाला.