आठ नंबरच्या मशिनवरची चौथी पायरी

भुताखेतांचं मला कधीच कौतुक नव्हतं. भिंगारला आमचं घर, वडील मिलिटरीच्या डेपोत सिव्हिलियन कामगार. आम्ही बौद्ध, घरात देव्हाराच नाही, तिथे भुताला कोण जागा देणार? अंगारे-धुपारे घेऊन कोणी दारात आलं, तर वडील त्याला चहा पाजून वाटेला लावायचे. या सदरात येणाऱ्या अनुभवांवरही ‘झोप पूर्ण झाली नव्हती वाटतं’ असं लिहून मी बऱ्याच जणांशी वाद घातलेत. तेव्हा आता माझ्यावर हसायचं असेल तर खुशाल हसा... तुमचा हक्कच आहे.

गोष्ट अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव सालची. नगर-सोलापूर रस्त्यावरच्या एका तंत्रनिकेतनात मी कॉम्प्युटर लॅबमध्ये हंगामी असिस्टंट होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. आठ मशिन्स, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि घरघर करणारा एसी. एसीमुळे दार कायम बंद आणि चपला-बूट दाराबाहेरच्या रॅकवर काढायचे. प्रिन्सिपॉल असले तरी सुटका नाही. तेव्हा सगळीकडेच तसं होतं, कॉम्प्युटर म्हणजे गाभारा!

आमचे एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, मला पाण्यात बघायचे. त्यांच्या साडूचा मुलगा माझ्या जागेसाठी तयार होऊन बसला होता, हे कँटीनवाल्यालासुद्धा माहीत होतं. पण मला काढायला कारण सापडत नव्हतं. मग त्यांनी ते तयार केलं.

झालं असं, की एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर एक फुकट प्रोग्राम होता. मराठी अक्षरं दाखवणारा, त्यात टाइप करता येणारा. फुकट म्हणजे नुसता फुकट नाही, त्याचा सगळा सोर्स कोड दिलेला, हवा तसा बदला, वाटा. अट एकच, ज्यांनी आधी काम केलंय त्यांची नावं पुसायची नाहीत. मात्र तो तयार मिळत नाही. सोर्स म्हणजे दळण समजा. पीठ आपल्या मशिनवर आपणच करायचं. याला बिल्ड म्हणतात. त्या काळी एका जागी अडकलं की दिवस जायचा. कर्जत-जामखेडकडून आलेली पोरं इंग्रजी सूचना बघूनच गळपटायची, म्हणून संस्थेला बिल्डची सगळी कृती मराठीत लिहून हवी होती.

एचओडींनी मला केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले नाहीत.

“साळवे, कृती लिही. दोन पानं. दोनाच्या वर गेलं तर मी वाचणार नाही. बाहेरचा परीक्षक येईल, तुझा कागद घेऊन, आतलं सगळं पुसून कोऱ्या केलेल्या मशिनवर बसेल. तू दाराबाहेर. एक शब्द सांगायचा नाही. नुसत्या कागदावरून झालं तर तुझी कायम करायची फाईल पुढे पाठवतो. नाही झालं, तर एक तारखेपासून येऊ नकोस.”

“लेखी द्याल का?” मी विचारलं.

“तुला काय लेखी द्यायचं रे?” म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

आता माझी चूक सांगतो. इथे कोणी मला ओळखत नाही, म्हणून सांगतोय.

लॅबच्या कपाटात एक वही होती, खाकी कव्हर घातलेली. माझ्या आधी त्या जागेवर शबाना शेख म्हणून एक बाई होत्या. लग्न झालं, त्या मिरजगावला गेल्या, मग मी आलो. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, आवाजही ऐकलेला नव्हता. त्या वहीत या प्रोग्रामची पूर्ण कृती होती. एकतीस पायऱ्या. कुठे अडकतं, का अडकतं, सगळं मराठीत, सुबक अक्षरात. मी काय केलं? पहिलं पान, ज्यावर त्यांचं नाव होतं, ते फाडलं. पायऱ्या एकतीसच्या बावीस केल्या, दोन पानांत बसवल्या आणि खाली टाकलं: ‘लेखन: आ. भि. साळवे’. पोरांना वर्गात ‘नावं पुसायची नाहीत’ शिकवणारा मीच होतो. लाज वाटली का? तेव्हा नाही वाटली. त्या गेल्या होत्या, मला नोकरी हवी होती. एवढंच डोक्यात होतं.

टाइप करायला बसलो त्याच दुपारी पहिल्यांदा तो आवाज आला.

“च्!”

जीभ टाळ्याला लावून वैतागलेला माणूस करतो तसा. अगदी कानामागे. मी वळलो, कोणी नाही. तीन नंबरच्या मशिनवर मी, आणि पलीकडे खिडकीपाशी फडकं मारणारे आमचे शिपाई बबनमामा. मला वाटलं त्यांनीच केलं असेल. दुर्लक्ष केलं. पुढची पायरी गाळली, पुन्हा “च्!” या वेळी जास्त जोरात.

बबनमामा फडकं टाकून माझ्याकडे आले. चेहरा लाल. “सायेब, कशापायी च् करताय माझ्यावर? फडकंच मारतोय न्हवं? काय चुकलं आसंल तर तोंडानं सांगा की!”

“मी नाही केलं मामा.”

“मंग मी येडाय का? तुमच्याकडूनच आला आवाज.”

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढे आठवडाभर तो आवाज येत राहिला, दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात. वही आणि माझा कागद यांत फरक पडला, की “च्”. प्रिंटर तपासला, एसीचं झाकण उघडून बघितलं, खिडकीत पाल आहे का तेही पाहिलं. शेवटी मी इतका चिडलो, की रिकाम्या लॅबमध्ये मोठ्याने म्हणालो, “तुला जमतंय तर तूच लिही!” त्यानंतर आवाज थांबला. पण आवाज होता तेच बरं होतं असं वाटायला लागलं. मानेच्या मागे कोणीतरी रोखून बघतंय, आणि आपलं काही बरं व्हावं असं त्याला वाटत नाही... हे लिहून सांगता येत नाही. मी खुर्ची भिंतीला टेकवून बसायला लागलो, तेव्हा कुठे टाइप करता यायचं.

मी गाळलेल्या पायऱ्यांत वहीतली चौथी होती: ‘आधी मशिनची तारीख लावा. आठ नंबरची बॅटरी गेली आहे. हे सोडू नका.’ खाली दोन रेघा. मी सोडलं. तारीख लावणं ही काय लिहायची गोष्ट आहे? आणि माझ्या तीन नंबरवर बॅटरी ठणठणीत होती, कागदावरून तिथे दोनदा बिल्ड झाला होता.

परीक्षेच्या दिवशी संगमनेरकडून एक वयस्कर प्राध्यापक आले. अत्यंत सभ्य माणूस. बूट-मोजे काढून रॅकवर ठेवले. एचओडींनी दार उघडून बोट दाखवलं. “आठ नंबरवर बसा सर.” माझ्याकडे बघून हसले आणि केबिनमध्ये निघून गेले.

सांगायला तोंड उघडलं, पण एक शब्द बोलायचा नाही असं ठरलेलं. दार बंद झालं.

मी रॅकजवळच्या स्टुलावर, बबनमामा पायरीवर. सकाळचे अकरा. आत काय चाललं असणार हे मला दिसत असल्यासारखं होतं. बॅटरी गेलेलं मशिन चालू केलं की स्वतःला ऐंशी सालात समजतं. बिल्ड करणारा प्रोग्राम फाइलींच्या तारखा बघूनच ठरवतो, की काय नव्याने करायचं. आत्ता केलेली फाइल ऐंशी सालची, मूळ सोर्स सत्त्याण्णवचा, म्हणजे केलेलं जुनं झालं, चला पुन्हा करा. पुन्हा केलं की पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत गरगर फिरलं तरी संपत नाही.

अर्ध्या तासाने मामा म्हणाले, “आत सर एकलंच हायेत न्हवं?”

“हो. का?”

“मंग बोलत्यात कुनाशी?”

मी कान दिला. एसीच्या घरघरीतून परीक्षकांचा आवाज येत होता. काहीतरी विचारल्यासारखा, मग थांबल्यासारखा, मग “बरं, बरं.” मी म्हणालो, कागद मोठ्याने वाचत असतील. मामा रॅककडे बघत राहिले. रॅकवर एकच जोड होता, परीक्षकांचा.

साडेबाराला दार उघडलं. परीक्षक हसत बाहेर. “झालं! प्रोग्राम चालू आहे.”

त्यांच्या पाया पडायचंच काय ते बाकी होतं. तेवढ्यात ते म्हणाले, “मात्र तुमच्या कागदावर झालं नाही हं. त्या बाईंनी सांगितलं म्हणून झालं.”

“कोणत्या बाई?” एचओडी केबिनमधून आले होते.

“आत बसल्यात की! माझ्या मागच्या खुर्चीवर. मी म्हटलं तुमच्या स्टाफमधल्या असतील. तेच तेच फिरायला लागलं, तेव्हा त्यांनी च् केलं, जरा तुसडेपणानेच, आणि म्हणाल्या, आधी तारीख लावा, माझ्या वहीत ही चौथी पायरी आहे, याने काढली. आवाजाने तरुण वाटल्या. मी काही वळून नीट बघितलं नाही, स्क्रीनवर लक्ष होतं.”

आम्ही चौघं आत गेलो. कोणी नाही. दार एकच, खिडक्यांना गज. परीक्षकांच्या मागची खुर्ची मात्र वळवलेली होती, आठ नंबरकडे तोंड करून. परीक्षकांचा चेहरा उतरला, आणि मग ते चिडले. आपली थट्टा चालली आहे असं त्यांना वाटलं. एचओडी तर ओरडायलाच लागले, “बाई लपवून ठेवलीस? परीक्षेला बाई बसवलीस?” बबनमामा मधे पडले, “न्हाई सायेब, आमी दारातनं हाललो न्हाई, कुनी आत गेलं न्हाई का भाईर आलं न्हाई.” त्यांनाही गप्प केलं. अहवालात एकच ओळ आली: ‘कागद अपुरा आहे.’ आणि ते खरंच होतं.

नोकरी गेली. घरी वडिलांना सांगताना माझी मान वर झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिरजगावची एसटी पकडली. वही पिशवीत. मला भीतीबिती वाटत नव्हती, डोकं भणभणत होतं. बाई कुठूनतरी आत शिरली, माझं वाटोळं करून गेली. तिला तिच्या दारात चार माणसांसमोर विचारायचं, एवढंच ठरवलं होतं.

त्यांच्या सासरचं घर बाजाराच्या मागे. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. “काय काम हाय?”

“शबाना मॅडमना भेटायचंय. काल नगरला आल्या होत्या, त्याचं विचारायचंय.”

“काल?” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “बाळंतीन हाय ती. आज अकरावा दिस. चाळीस दिस व्हईस्तवर उंबरा वलांडत न्हाई आमच्यात. ह्या शेजारनी बसल्यात, इचारा त्यास्नी. काल नगरला म्हनं! पिऊन आलाय का?”

ओट्यावरच्या दोन्ही शेजारणी माझ्याकडे बघून हसल्या. मी तिथेच उभ्याने, वही वर धरून, सगळं ओरडून सांगितलं. परीक्षक, आठ नंबर, तारीख, चौथी पायरी. आत पडद्यामागे बाळ रडत होतं, ते थांबलं.

“च्!”

पडद्यामागून आला. तोच. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाईंचा आवाज ऐकत होतो, आणि तो मला आठवडाभर ऐकून पाठ झाला होता.

“वहीच्या पहिल्या पानावर कोणाचं नाव आहे?” पडद्यामागून प्रश्न आला.

पान फाडल्याची कड वहीत दिसत होती, ती मी अंगठ्याने झाकली. पडद्याआडून त्यांना ती दिसणार नव्हती, तरी झाकली.

“समजलं,” त्या म्हणाल्या. “मी आले नव्हते. आणि आले असते ना, तर पायरी सांगितली नसती. फिरू दिलं असतं ते मशिन तसंच.”

वही ओट्यावर ठेवली आणि निघालो. सासूबाईंनी ती पायाने आत सरकवली नाही, वाकून उचलली, एवढं बघितलं. चार पावलं गेलो असेन, तर मागून पुन्हा त्यांचाच आवाज, पण आता वेगळा, घाईचा.

“अहो, थांबा! आठ नंबरवर अक्षरं नीट उमटली का? मी असताना तिथे जोडाक्षरं फुटायची. तेवढंच राहिलं होतं माझं.”

मी रस्त्यात उभा राहिलो. त्या मशिनसमोर मी उभा होतो, परीक्षक होते, एचओडी होते. प्रोग्राम चालू होता. आणि मी स्क्रीनकडे बघितलंच नव्हतं. माझी नोकरी, माझा कागद, ती रिकामी खुर्ची... अक्षरं कोणी बघितली?

“नीट उमटली,” मी खोटं बोललो. त्यांना पटलं की नाही, कळलं नाही.

इतकी वर्षं झाली. परीक्षकांना डुलकी लागली असेल म्हणावं, तर वहीतली चौथी पायरी त्यांना स्वप्नात कशी कळेल? एचओडींनी बाई पाठवली म्हणावं, तर ती गेली कुठून? शबानाबाईंचा जीव त्या लॅबमध्ये अडकला होता म्हणावं, तर त्या स्वतःच म्हणाल्या, की मी सांगितलं नसतं. मग कोणाला सांगावंसं वाटलं? तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर द्या, माझ्याकडे नाही. मला एवढंच माहीत आहे, की जे कोणी त्या खुर्चीवर होतं, त्याला माझं भलं व्हायला नको होतं आणि तो प्रोग्राम मात्र व्हायला हवा होता. आणि आठ नंबरवर जोडाक्षरं नीट उमटली होती का, हेसुद्धा मला आजपर्यंत माहीत नाही.