व्हय म्हणायची जागा

आज दुपारी वर्गात बोलता बोलता मी मध्येच थांबलो. खिडकीतून एक वास आत आला होता. शाळेच्या कुंपणापलीकडे चिंचेच्या सावलीत हिरड्याच्या गाड्या सोडलेल्या होत्या आणि गाडीवानांनी विस्तवात कणगं पुरून भाजायला घातली होती. कणगं म्हणजे आमच्या जोयड्याच्या रानातला कंद. रताळ्याच्या गोतातलाच, पण रताळ्यासारखा सगळ्यांशी गोड बोलणारा नव्हे. त्याची साल करपली की धुरकट, मातकट असा वास सुटतो, आणि ज्याने तो लहानपणी घेतला आहे त्याला बेळगावात काय किंवा आणखी कुठे काय, वळून बघावंच लागतं. तास वक्तृत्वाचा होता. बोलताना कुठे थांबावं, किती थांबावं, हेच मी मुलांना सांगत होतो. त्यामुळे माझं थांबणं त्यांना नमुन्याचंच वाटलं असणार. दोघातिघांनी माना डोलावल्या. मी पुढचं वाक्य उचललं आणि तास रीतसर पार पडला.

गहिवर वगैरे आला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. असं काही लिहायला बसलेल्याला तो यावा, अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. पण माझ्या आत त्या जागी बरीच वर्षं काही हलत नाही. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय असतो खरा, पण आपला वाटत नाही, तसं काहीसं. हात लावला तर कळतं की हात लावला आहे, एवढंच.

आमचं गाव जोयड्याच्या रानात, दिग्गीच्या अंगाला. घरं इतकी लांब लांब की एका घरची हाक दुसऱ्या घरी पोचेपर्यंत तिच्यातला शब्द गळून जाई आणि नुसता सूर उरे. अशा ठिकाणी माणसांना बोलायचा सोस नसतो. आप्पा, माझे वडील, तर अगदीच घुमे. जेवायला बसले तर भात हवा की नको हेही हाताने सांगत. पण सुगी आटोपून भात घरात आलं, की वर्षातून एकदा सगळं गाव देवीच्या मांडावर जमे. मांड म्हणजे देवळापुढची शेणाने सारवलेली मोकळी जागा. तिथे नारळ ठेवून देवीला गाऱ्हाणं घालायचं, आणि ते झाल्याखेरीज नव्या सालात कुणी रानाला कोयता लावायचा नाही, अशी रीत. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. त्या दिवशी आप्पा धुतलेलं पटकूर नेसून अनवाणी उभे राहत, आणि तोच घुमा माणूस बोलू लागे.

"आये, सालभर लेकरास्नी पदराखाली घेटलंस," असं म्हणून आप्पा थांबत. मग सगळा मांड म्हणे, "व्हय म्हाराजा!" "गव्यानं शेत तुडवलं, त्येला त्येची वाट दाव." पुन्हा थांबत, पुन्हा "व्हय म्हाराजा!" त्या होकारांत सगळ्यांत शेवटी, मागच्या बाजूने, एका म्हाताऱ्या काकूचा चिरका व्हय यायचा. तो आल्याशिवाय आप्पा पुढचं वाक्य काढत नसत. एखाद्या वर्षी ती खोकत बसली, तर सगळं गाव तिचा खोकला संपेपर्यंत उभं राही. कुणालाही त्यात काही वावगं वाटत नसे. गावाचा व्हय पडला नाही तर ते बोलणं देवीपर्यंत जात नाही, वाटेतच पडून राहतं, अशी सगळ्यांची समजूत. मीही तसंच मानत होतो. बोलणं म्हणजे हेच, असं मला वाटे, कारण मी दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

मामा खानापुरात दुकान करून होता. त्याने मला शाळेसाठी आपल्याकडे नेलं, पुढे बेळगावला ठेवलं, आणि मी मॅट्रिक झाल्यावर पुण्याच्या कॉलेजात घातलं. तिथे दर शनिवारी वक्तृत्वाची सभा भरे. माझी पाळी आली तेव्हा विषय काय होता ते आता आठवत नाही. विद्येचे फायदे किंवा तसलाच काहीतरी असणार. मी उभा राहिलो, एक वाक्य बोललो आणि थांबलो. समोरून काही आलं नाही. दुसरं वाक्य बोललो, थांबलो. कुणाचं तरी बाक करकरलं. तिसऱ्या वाक्यानंतर मी मागच्या रांगेकडे पाहत उभा राहिलो, तर तिथून एकाने हलकेच म्हटलं, "गाडी लोंढ्याला थांबली वाटतं. पाणी भरतेय." सभागृह खदखदून हसलं. आमच्याकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन लोंढ्याला पाणी घ्यायला थांबे. त्या दिवसापासून माझं नाव लोंढा जंक्शन पडलं, आणि वर्षभर पुरलं.

सभेचे अध्यक्ष आमचे इंग्रजीचे प्रोफेसर होते. पगडी, उपरणं, आणि आवाज असा की कुजबुजले तरी व्हरांड्यात ऐकू यावं. त्यांनी मला खोलीवर बोलावून विचारलं, "तुम्ही मधे मधे का थांबता? कुणाची वाट पाहता?" मला ते सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना समजलं असतं, असं आता वाटतं. माणूस चांगला होता. पण मी मान खाली घातली, आणि त्यांनी मला शिकवायचं मनावर घेतलं. श्वास कुठे घ्यायचा, हात कमरेच्या वर कधी आणायचा, वाक्याचं शेपूट पडू न देता पुढच्या वाक्याला कसं जोडायचं. "समोरच्यांच्या डोळ्यांत पाहू नका," ते म्हणत, "त्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे पाहा. भिंत कुणाला हसत नाही." मी भिंतीकडे पाहायला शिकलो. दुसऱ्या वर्षाअखेर माझं बोलणं नळाच्या पाण्यासारखं धो धो पडू लागलं. टाळ्या पडत. त्या भाषण संपल्यावर पडत, मध्ये कुणाला जागाच नसे. मला त्याचा अभिमान वाटत होता, हे खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या वर्षी नाताळच्या सुटीत घरी निघालो, तर लोंढ्याच्या फलाटावर मामा उभा. त्याने माझी वळकटी घेतली आणि गाडीत बसल्यावर, बैल चालू लागल्यावर म्हणाला, "दाजींच्या अंगावरनं वारं गेलंय रं. उजवा हात न्हाई, पाय न्हाई. आनि वाचा बी गेली." दसऱ्यानंतर कधीतरी झालं होतं. मला परीक्षेच्या आधी कळवू नये, असं आईनेच सांगितलं होतं. मी विचारलं, "काहीच बोलत नाहीत?" मामा म्हणाला, "पैला तरी कुटं बोलत हुते? पर आता हूं बी न्हाई." मग तो मला मुद्द्याचं सांगू लागला. गाऱ्हाणं अजून व्हायचं होतं. गाव माझ्यासाठी थांबलं होतं. मी घातलं तर मान घरात राहील, नाही तर खालच्या आवाठातल्या, म्हणजे खालच्या वस्तीतल्या, चुलत्याकडे जाईल, आणि एकदा गेलेला मान परत येत नसतो. "दाजींचं सगळं गेलंय," मामा म्हणाला, "येवढं तरी ऱ्हाऊ दे."

घरी आप्पा ओटीवर घोंगडीवर टेकून बसलेले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं. त्यांनी मला पाहिलं, आणि डावा हात थोडा उचलून पुन्हा मांडीवर ठेवला. मी त्यांच्याजवळ बसलो. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. आईने कणगं भाजून दिली. ती सोलताना बोटं भाजली आणि मला बरं वाटलं, काहीतरी लागतंय म्हणून. पुढचे दिवस मी परसात फेऱ्या घालत गाऱ्हाणं तयार केलं. अगदी प्रोफेसरांनी शिकवलं तसं: आरंभ, मध्य, उठाव, शेवट. आई दारातून ऐके. एकदा म्हणाली, "लई चांगलं हाय रं. पर येवढ्या घाईनं कुटं निगालाईस?" मला वाटलं, तिला काय कळणार.

त्या सकाळी आप्पांना घोंगडीसकट उचलून मांडावर आणलं आणि देवळाच्या खांबाला टेकवून बसवलं. ऊन अजून पानांतून खाली उतरत होतं. नारळ ठेवला, मी आप्पांच्या जागी उभा राहिलो. मांड माणसांनी भरला होता, आणि ती सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती. मी सवयीने त्यांच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. तिथे भिंत नव्हती, रान होतं, पण कामापुरतं चाललं. मी बोलू लागलो. शब्द छान आले. देवीची कृपा, सालाचं पीक, रानाची वाट, गुरंढोरं, सगळं एकात एक गुंफून मी पुढे पुढे नेत होतो. पहिल्या वाक्याच्या शेवटी दोघातिघांनी तोंड उघडलेलं मला डोळ्यांच्या कडेने दिसलं, पण तोवर मी दुसऱ्यात शिरलो होतो. तिसऱ्याच्या शेवटी कुणीतरी "व्ह..." म्हणालं आणि गप्प झालं. मग तर कुणी तोंडही उघडेना. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. चुलता हाताची घडी घालून उभा होता, तो जमिनीकडे बघू लागला. काहीतरी बिघडलं आहे हे मला कळलं, काय ते कळेना. आणि थांबावं तर थांबायचं कसं, हे मी मेहनत करून विसरून आलो होतो. भीतीने मी आणखी जोरात बोलू लागलो.

तेवढ्यात खालून आवाज आला, "व्हय म्हाराजा."

आवाज वाकडा होता, घशात अडकून निघालेला. मी वाक्याच्या मधोमध होतो. तिथे व्हय म्हणायची जागाच नव्हती. मी गप्प झालो. सगळ्यांनी वळून खांबाकडे पाहिलं. आप्पांच्या ओढलेल्या ओठाच्या कडेने लाळ गळत होती आणि ते माझ्याकडे पाहत होते. दोन-अडीच महिन्यांत त्या तोंडातून हूं आलं नव्हतं. आई खाली बसली आणि तिने पदर तोंडात घातला. मी तसाच उभा होतो. मग पुढच्या रांगेतल्या माणसांनी, जणू इतका वेळ त्यांचा श्वास कोंडलेला होता, एकदम म्हटलं, "व्हय म्हाराजा!" आणि सगळ्यांच्या मागून, सावकाश, त्या म्हाताऱ्या काकूचा चिरका व्हय आला.

पुढचं गाऱ्हाणं मी आप्पांकडे पाहत घातलं. एक वाक्य बोलायचं, थांबायचं. तयार केलेलं काही आठवलं नाही. आप्पा जे म्हणत तेच तोंडात आलं. प्रत्येक वाक्याला गाव व्हय म्हणत होतं. आप्पा मात्र पुन्हा काही म्हणाले नाहीत. नारळ फुटला, खोबरं वाटलं, माणसं कोयते घेऊन रानाकडे पांगली. जाता जाता चुलत्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि हसून म्हणाला, "पुन्याचा देव भैरा हाय काय रं? कुनाला बोलूच दीना झालतास." सगळे हसले. मीही हसलो. मान घरात राहिला होता, आप्पा बोलले होते, मला आनंदाने वेडं व्हायला हवं होतं. पण मी खोबऱ्याचा तुकडा हातात धरून उभा होतो आणि मला काहीही वाटत नव्हतं. त्या दिवशी आत जे गप्प झालं, ते अजून तसंच आहे. आप्पांच्या अंगावरून वारं जाताना मलाही थोडं लागलं असावं, असं मी कधीकधी गमतीने म्हणतो. ऐकणाऱ्याला त्यात गंमत वाटत नाही.

सुटी संपली, मी निघालो. बैलगाडी जुंपलेली होती. आप्पा ओटीवर त्याच घोंगडीवर होते. मी वाकून पाया पडलो आणि म्हणालो, "आप्पा, येऊ मी?" आणि थांबलो. या वेळी नीट थांबलो, हवं तेवढं, त्याहून जास्त. मामाने खालून हाक दिली तरी थांबलो. आई म्हणाली, "अवो, पोरगं इचारतंय न्हवं." आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग अंगणाकडे. त्यांच्या ओठांची जरा हालचाल झाली, पण बाहेर काही आलं नाही. बैलांच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता.

उन्हाळ्यात ते गेले. मी परीक्षेत होतो. पुढच्या साली नोकरीमुळे मला जाता आलं नाही, आणि मान चुलत्याकडे गेला. तो चांगलं गाऱ्हाणं घालतो म्हणे. मी इथे मुलांना बोलायला शिकवतो. वर्ष संपताना इन्स्पेक्टर साहेब येतात, तास बघतात आणि म्हणतात, "शिकवता चांगलं, पण मधे मधे अडखळता." मी हो म्हणतो. माझे विद्यार्थी सराईतपणे बोलू लागलेत, बक्षिसं आणतात, आणि भिंतीकडे पाहा असं मी त्यांना कधीच सांगितलेलं नाही. मागच्या बाकापर्यंत एकेका चेहऱ्याकडे पाहा म्हणतो. ते पाहतातही.

संध्याकाळी घरी जाताना पाहिलं, चिंचेखालच्या गाड्या निघून गेल्या होत्या. राखेत एक कणग विसरून राहिलं होतं, अजून कोमट. मी ते सोलून खाल्लं. "येऊ मी?" हे माझं शेवटचं वाक्य अजून त्या ओटीवर तसंच आहे. त्याच्यावर व्हय पडलेला नाही.