वर्णनात मी नव्हते

"तू इथे पायरीवर बस हो. इथे वारा लागतो."

सरांच्या बायकोने हे इतक्या मायेने सांगितलं की मी उठून पायरीवर बसलेसुद्धा. सरांच्या घरी मेळावा होता, आणि पाच मिनिटांपूर्वी मी ओटीवर सगळ्यांसोबत खुर्चीत होते. मग बाईंनी विचारलं, आडनाव काय गं तुझं? मी सांगितलं. त्यावरून त्यांना नीट उलगडा होईना, म्हणून पुढचा प्रश्न, हातखंब्याला कुठल्या वाडीत राहतेस? बौद्धवाडीत, मी म्हटलं. आणि एकदम वारा लागायला लागला.

चहा आला. सगळ्यांना कपबशीत, मला कागदी कपात. कप कमी पडले असतील म्हणून मी दारातून आत बघितलं, तर फडताळात कपांची रांग. खाणं झाल्यावर बाई म्हणाल्या, तू तरुण आहेस, ताटल्या तेवढ्या मागच्या दारी नेऊन ठेव. ठेवल्या. सगळ्यांचं उष्टं उचलायला माझे हात चालले. कपाला तेवढे माझे ओठ चालले नाहीत. वर निघताना मी बाईंना 'येते हं' म्हणून आले. घरी जाताना स्वतःचीच चीड येत होती.

परक्यांनी केलं असतं तर एवढं लागलं नसतं. या माणसांशी मी दोन वर्षं रोज बोलत होते, भेटत मात्र होते पहिल्यांदाच. सरांनी इंटरनेटवर एक मराठी कट्टा उघडला होता. कुठल्या मोठ्या कंपनीचा नव्हे. सर्व्हर सरांनी स्वतः घेतलेला, नियम आमचे आम्ही ठरवलेले. असे छोटे छोटे कट्टे जगभर आहेत, आणि एका कट्ट्यावरचं दुसऱ्यावर वाचता येतं. सर म्हणायचे, इथे मालक नाही, जाहिरात नाही, इथे माणूस फक्त माणूस आहे. मी हातखंब्याला झेरॉक्सच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक नसलं की मी कट्ट्यावर. कुणाची लावणी उरकली, सुरमई आज काय भाव, मुंबईची गाडी कुठे अडकली, असलं साधं बोलणं. तिथे मला टोपणनाव होतं. आडनाव नव्हतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

कट्ट्याची एक रीत होती. फोटो टाकला की त्याचं वर्णन लिहायचं. कारण आमच्यात सावर्ड्याचे एक काका होते, त्यांना दिसत नाही. फोन त्यांना लिहिलेलं वाचून दाखवतो. पण लोक आळशी. 'सुंदर सकाळ' लिहून मोकळे. मग काका विचारायचे, सुंदर म्हणजे काय? उत्तर मी द्यायचे. भात कुठवर वाढलंय, आभाळ कुठल्या बाजूने भरून आलंय, कुत्रा कुठे झोपलाय. हळूहळू ते कामच माझं झालं. काका मला पोरी म्हणायचे. एकदा म्हणाले, बाकीचे सजवून सांगतात, तू असेल ते सांगतेस. तेवढ्या बोलण्यावर मी चार दिवस हवेत होते.

मेळाव्याच्या त्याच संध्याकाळी सरांनी ओटीवरचा फोटो टाकला. वर्णन स्वतःच लिहिलं होतं. "आपला कट्टा प्रत्यक्षात. सगळे एकत्र, हसतखेळत." काकांना यायला जमलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "पोरी, यात तू कुठे बसलीस?"

मी फोटो मोठा करून बघितला. खाली कोपऱ्यात होते मी. अर्धी कापलेली. आई चुलीशी भाकऱ्या करत होती, आणि मी फोन हातात घेऊन नुसती बसून राहिले. लिहिलं तर हा कट्टा तुटणार, हे मला कळत होतं. नाही लिहिलं तर काकांना पहिल्यांदाच खोटं सांगणार, आणि तेही माझ्याचबद्दल. शेवटी रोज लिहायचे तसंच लिहिलं.

"ओटीवर सगळे खुर्च्यांवर बसलेत. हातात कपबशा आहेत. एक खुर्ची रिकामी आहे. खाली पायरीवर एक मुलगी बसलीय, तिच्या हातात कागदी कप आहे. ती मी. आडनाव आणि वाडी विचारून मला तिथे बसवलं."

शिवी नाही. शेरा नाही. दिसलं ते आणि घडलं ते.

मग एकेकाला वाचा फुटली. कुणी म्हणालं, कप कमी असतील. कुणी म्हणालं, इथे जात नव्हतीच, ती तू आणलीस. सरांनी फर्मावलं, हे पडद्याआड टाक. ही कट्ट्याची आणखी एक रीत. वाचणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून साप, रक्त, अपघात असलं काही असेल तर ते झाकून ठेवायचं, बघायचं असेल त्याने उघडून बघावं. आता सापाच्या जोडीला मी. मी टाकलं नाही.

थोड्या वेळाने एक खासगी निरोप आला. तो मला लिहिलेला नव्हता. सरांच्या बायकोने मैत्रिणीला लिहिलेला. या कट्ट्यांवर एक खोड आहे. खासगी निरोपातही कुणाचं नाव पुढच्या @ या खुणेसकट लिहिलं, की तो निरोप त्या माणसालाही पोचतो. रागाच्या भरात बाई ते विसरल्या आणि माझं नाव खुणेसकट लिहून बसल्या. निरोप असा होता. "हिला बोलावलं तेव्हाच मी ह्यांना म्हटलं होतं, आडनाव कळल्याशिवाय कुणाला बोलावू नका. या लोकांना ओटी दाखवली की माजघरात यायला बघतात. ती गेल्यावर पायरी दोनदा धुऊन घेतली मी."

मी आईला वाचून दाखवलं. आई आंब्याच्या हंगामात अशाच घरांच्या बागांत राबते. ती म्हणाली, "तुला बोलले व्हते ना, नको जाव म्हणून." आणि परत तव्याकडे वळली. तिला नवल वाटलं नाही, याचा मला त्या निरोपापेक्षा जास्त राग आला.

मी तो निरोप कट्ट्यावर जसाच्या तसा टाकला. लगेच सरांचा फोन. आवाज तोच, कट्ट्यावर माणुसकीबद्दल बोलणारा.

"घरातलं खासगी बोलणं चव्हाट्यावर आणतेस? हेच संस्कार? दोन्ही काढून टाक आणि सगळ्यांसमोर माफी माग. नाहीतर खातं बंद करावं लागेल मला."

"करा बंद, सर."

मालक नव्हता ना तिथे कुणी?

खातं बंद होण्याआधी काकांची एक ओळ आली. "पोरी, कप कशाचा होता हे मला सांगायची काय गरज होती? मला कळलंही नसतं." मी ती कितीदा वाचली कोण जाणे. बाकीच्यांची आशा मी सोडली होती, या एका माणसाची नव्हती सोडली. त्यांना पाऊस हवा होता, भात हवं होतं, झोपलेला कुत्रासुद्धा हवा होता. मी नको होते. मग खातं गेलं, दोन वर्षं काकांसाठी लिहिलेली सगळी वर्णनं त्याच्याबरोबर गेली. मी उशीत तोंड खुपसून रडले. सरांसाठी नाही, काकांसाठी.

आता मी दुसऱ्या कट्ट्यावर खातं उघडलंय. नाव पूर्ण, आडनाव पूर्ण, खाली वाडी. काहीजण ते वाचूनच लांब राहतात. राहू देत.

परवा सरांच्या कट्ट्यावरचा एकजण दुकानात आला. आधारकार्डाच्या झेरॉक्स काढायचं निमित्त. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, सर मनाने वाईट नाहीत गं, बाईंनाही वाईट वाटतंय, तू एक ओळ माफीची लिही, विषय मिटेल. मी त्याच्या हातात झेरॉक्स दिल्या आणि सांगितलं, "विषय मिटवायचाच नाहीये मला."

तो गेला. मी मशिनचं झाकण लावून उभी राहिले. डोकं शांत होतं. मी माफी मागणार नाही. जिथे जिथे मला बसवतील, उठवतील, तिथलं सगळं नावानिशी लिहिणार, आणि कुणाच्या सांगण्यावरून एक अक्षर काढणार नाही. उद्या त्यांनी माफी मागितली, तरी मी ती देणार नाही.