मुजीबभाई कुठं जिंकले?

एस.टी.त नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. कँटीनला चहा घेताना एकानं सुरू केलं की बाकीच्यांच्या तोंडाला खाज सुटलीच! मी अहमदपूर-उदगीर गाडीवर डायवर. सगळे मला अप्पा म्हणतात. माझे किस्से मात्र एकाच माणसाचे, आमचे कंडक्टर मुजीबभाई. हा माणूस दरवेळी हरायचा आन् वर म्हणायचा, "जिंकलो!" मला लई दिवस कळंनाच, हे जिंकतात कुठं?

*

एकदा अहमदपूरला खिडकीतून एकानं सीटवर रुमाल टाकला, दुसऱ्यानं दप्तर. झालं! दोघंबी त्या सीटवर अर्धे अर्धे बसून एकमेकाला ढकलून राहिले. रुमालवाला पैलवान, दप्तरवाले देवणीचे मास्तर. कुणीच उठंना.

मुजीबभाईंनी मास्तरांना हाताला धरून उठवलं आन् सरळ कंडक्टरच्या सीटवर बसवलं. स्वतः उदगीरपर्यंत उभे! उतरल्यावर मला म्हणतात, "जिंकलो, अप्पा!"

"अहो, तुमची सीट गेली की!"

"भांडणबी गेलं ना!"

*

एक पोरगं रोज म्हणायचं, माझ्या शेतापाशी गाडी थांबवा. मधी थांबा न्हाई म्हटल्यावर त्यानं एक दिवस मुजीबभाईंची कॉलर धरली. मी गाडी बाजूला घेतली आन् चाक खोलायचा लोखंडी टॉमी काढून मागं धावलो. माझं डोकं लवकर तापतं, सगळ्या डेपोला माहिती हाय.

बघतो तर मुजीबभाईंनी दोन्ही हात पाठीमागं बांधलेले. पोरगं कॉलर धरून तसंच उभं, पुढं काय करावं त्यालाच सुचंना! शेवटी कॉलर सोडून, मान खाली घालून उतरलं.

"एक ठेवून द्यायची न्हाई का?" मी विचारलं.

"माझाबी हात उठला होता, अप्पा. अल्लाहला म्हटलं, धर. त्यानं दोघांचे धरले."

मला नवलच वाटलं. मारायला बळ दे म्हणून मागणारे लई बघितले. हात धर म्हणून मागणारा ह्योच!

*

मंग एक दिवस चहावर मी पिच्छाच पुरवला. "हरून जिंकल्याचं हे कुठून शिकलात?"

तेव्हा त्यांनी मक्केजवळच्या हुदैबियाच्या तहाचं सांगितलं. पैगंबर आपली माणसं घेऊन मक्केला निघाले होते, लढायला न्हाई, यात्रेला. वेशीपाशी मक्केवाल्यांनी अडवलं. म्हणाले, यंदा परत जा, पुढच्या वर्षी या. तहाच्या कागदावर 'अल्लाहचे पैगंबर' लिहिलं, तर तेबी खोडा म्हणाले. पैगंबरांनी स्वतःच्या हातानं खोडलं! सोबतच्यांच्या जिवाला लई लागलं. आन् परतीच्या वाटेवर अल्लाहचा संदेश आला, ही उघड उघड जीत हाय म्हणून.

"मी असतो तर कागदच फाडला असता!" मी म्हणालो.

"म्हणून तर तुमच्या हातात स्टेअरिंग देतात, अप्पा. तह देत न्हाईत."

*

हे सगळीकडं चालतंच असं न्हाई बरं का. डेपोतल्या दोन मेकॅनिकची बोलचाल बंद होती. मुजीबभाई मधी पडले, तर दोघंबी यांच्यावरच उलटले. "तुम्ही कोण सांगणारे?"

दुसऱ्या दिवशी हे हसतच आले. "दोघं मिळून मला शिव्या द्यायलेत, अप्पा. एका टेबलावर बसून!"

*

आता सलीमचं सांगतो. मुजीबभाईंचं घर अहमदपूरला, हा त्यांचा धाकटा भाऊ उदगीरला राहतो. वडलांच्या घरावरून फाटलं, तेव्हापासून तोंड बघणं बंद. ईद जवळ आली की आमचा हा हसरा माणूस गप्प व्हायचा. "एकच भाऊ हाय, अप्पा. तो दुरावला तर अम्मीला काय तोंड दाखवू?" अम्मी तर कधीच गेलेली!

एका ईदला मला सोबत घेऊन, शीरखुर्म्याचा डबा धरून ते भावाच्या दारात गेले. सलीमनं दार अर्धंच उघडलं.

"अंदर आऊं क्या?"

"इस साल नक्को, भाई. अगली ईद को देखेंगे."

माझं टाळकंच सरकलं. दारातून परत? सणाच्या दिवशी? मी तोंड उघडणार, तर मुजीबभाईंनी माझा दंड दाबला. "अच्छा," एवढंच म्हणाले आन् वळले.

स्टँडवर बसून आम्ही शीरखुर्मा खाल्ला. त्यांच्या डोळ्याला धार लागली होती. मी चिडून म्हणालो, "आता म्हणा की, जिंकलो!"

त्यांनी रिकाम्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

*

वर्ष गेलं. ईदच्या आदल्या दिवशी उदगीरहून अहमदपूरला निघायचं होतं. गाडी गच्च भरली. दार लागल्याचा आवाज आला. कंडक्टरची डबल बेल आल्याशिवाय डायवर गाडी हलवत न्हाई. मी गिअरवर हात ठेवून बसलो. बेल येईना.

हॉर्न दिला. तरी न्हाई. वैतागून मागं वळलो.

दारापाशी सलीम उभा. बायको सोबत, हातात कपड्यांची पिशवी. मुजीबभाईंच्या हातात तिकिटाचं मशीन तसंच.

"कहां का देऊं?" मुजीबभाईंनी विचारलं.

"तुम्हारे घर का."

 मुजीबभाई दोन्ही हातांनी भावाला धरून उभे.

मी पुढं वळून बसलो. जरा वेळानं डबल बेल आली. आरशात बघितलं, बेलची दोरी सलीमनं ओढली होती.