खुरप्याची मूठ

आमच्या फ्लॅटच्या माळ्यावर एक अख्खं शेतघर ठेवलेलं आहे. दोन खुरपी, विळा, कुदळ, टिकाव, फावडं, कोयता, विहिरीचा पोहरा आणि त्याचा दोर, एक सूप आणि एक बिनकानांचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं. हैदराबादच्या चिक्कडपल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला विहिरीचा पोहरा कशाला लागतो, असं गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसानेसुद्धा मला विचारलं होतं. मी त्याला शेगडीकडे लक्ष द्यायला सांगितलं.

ही सगळी जमवाजमव माझी आणि बायकोची. आम्ही दोघंही मूळचे बिदरकडच्या शेतकरी घरांतले, जुन्या निजामी मुलखातले. शिकलो, नोकरीला लागलो आणि हैदराबादेत रुजलो. पण मातीची खाज गेली नाही. जहीराबादच्या रस्त्याला थोडी लाल जमीन घेतली आणि ठरवलं, नोकरी संपली की तिथंच जाऊन राहायचं. आपली ज्वारी, आपली भाजी, आपली विहीर, दोन शेळ्या. बाजारातून मीठ आणि काडेपेटी तेवढी आणायची. चहाची पत्तीही विकत आणावी लागेल, हे बायकोने लक्षात आणून दिलं, तेव्हा मी नाइलाजाने तीही यादीत घेतली.

रविवारी आम्ही गौलीगुड्याच्या लोखंडी सामानाच्या गल्लीत जायचो. लोक बायकोला साडी घ्यायला नेतात, मी टिकाव घ्यायला न्यायचो. पण खरी पारख तिचीच. पातं नखाने वाजवून बघायची, धारेवरून अंगठा आडवा फिरवायची आणि मान हलवून परत ठेवून द्यायची. दुकानदार वैतागून विचारायचा, "अम्मा, खेत किधर है तुम्हारा?" ती म्हणायची, "है ना, जहीराबाद के रस्ते पे," आणि असं म्हणायची की जणू तिथं ज्वारी कापणीला आलेली आहे.

मला टिकाव आवडायचा. टिकाव मारला की काहीतरी केल्यासारखं वाटतं. तिला खुरपं. माझ्या मते खुरपं म्हणजे जमिनीची खुशामत. तिच्या मते टिकाव म्हणजे नुसता आरडाओरडा. पण दुकानातल्या खुरप्याची मूठ तिच्या हाताला मोठी व्हायची. तिचा हात लहान होता, बांगड्यासुद्धा मुलींच्या मापाच्या लागायच्या. शेवटी मीच आमच्या बांधावरच्या बाभळीची वाळलेली फांदी आणली, तिची चार बोटं त्यावर ठेवून माप घेतलं, कानशीने घासली आणि काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत केली. तिने मूठ हातात धरून बघितली आणि म्हणाली, "हौ, आता कसं माझं वाटतंय." एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही कामाला यापेक्षा मोठी शाबासकी मिळाली नाही.

पातेलंही तिनेच घेतलं. जमिनीवर तीन दगडांची चूल मांडायची आणि त्यावर पहिल्यांदा चहा करायचा, असं तिचं ठरलेलं. "आधी चूल पेटू दे, मग तुमची विहीर न् काय ते," ती म्हणायची. दर वेळी पातेलं पिशवीत घालून न्यायची. आणि दर वेळी काहीतरी व्हायचं. कधी पाऊस, कधी सुकं जळणच नाही, कधी परतीच्या बसची घाई. घरून आणलेला डबा खायचा, थर्मासमधला चहा प्यायचा आणि परत यायचं. मी चिडवायचो, की पातेल्याला तू सहलीला आणतेस. ती म्हणायची, "येईल त्याचा दिवस. बुडाला चिखल लावून ठेवायचा बघा, म्हणजे काजळी धरत नाही. नाहीतर घासून घासून हात जातात." ज्या चुलीचा अजून पत्ता नव्हता, तिच्या काजळीचा बंदोबस्त तिने आधीच करून ठेवला होता.

मग माझी आई आजारी पडली. आईचं सगळं झाल्यावर मी निवृत्त झालो, आणि आता निघायचंच असं म्हणत असताना बायकोचं दुखणं आलं. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. पातेल्याचं बूड अजून आरशासारखं आहे.

आमच्या घरात एक रीत होती. माणूस गेलं की त्याच्या हत्याराचं लोखंड ठेवायचं आणि मूठ काढायची. आजोबा गेल्यावर माझ्या वडिलांनी त्यांचा विळा घेतला, ठोकून ठोकून मूठ मोकळी केली आणि चुलीत घातली. त्याच आगीत विळ्याचं मागचं टोक लाल केलं आणि स्वतःच्या हाताच्या मापाच्या नव्या मुठीत बसवलं. लाकडात जाताना ते चरचरलं आणि धूर निघाला. मी लहान होतो, मला रडू आलं होतं. मी विचारलं, जुनी का जाळली. वडील म्हणाले, "हात गेला बाबा. लोखंडाला अजून काम आहे." आणि विळा घेऊन ते कापणीला गेले.

मला ती रीत पाळता आली नाही. दर खंडेनवमीला मी माळ्यावरून हत्यारं उतरवतो, पुसतो, तेल लावतो, हॉलमध्ये वर्तमानपत्रावर मांडून हळदीकुंकू वाहतो. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती, कामाला हात लावायचा नाही. आमची हत्यारं वर्षभर विश्रांतीच घेतात, त्यांना कामाचा दिवस म्हणजे तेवढाच. गेली दोन वर्षं तिचं खुरपं मी मुठीसकट मांडलं. मूठ काढायला घेतली की वाटायचं, आत्ताच कुठे गेलीय, येईल. असं वाटणं मूर्खपणाचं आहे हे मला कळतं. कळून काही फरक पडत नाही.

यंदा खंडेनवमीला वरच्या मजल्यावरचं जोडपं आलं. दोघं पुण्याची, कॉम्प्युटरमध्ये कामाला. झेंडूची फुलं जास्त झाली म्हणून द्यायला आली होती. हॉलमधली मांडामांड बघून त्यातली मुलगी हरखली. "काका, ही सगळी तुमची?" म्हणाली, आणि मी काही म्हणायच्या आत तिने ते खुरपं उचललं. तेच.

"ठेव ते खाली," मी म्हणालो. आवाज जरा जास्तच चढला. तिने लगेच ठेवलं. आज हत्यार उचलत नाहीत, एवढंच मी सांगितलं. ते खरंही होतं.

मग ती खुर्चीवर टेकली आणि मुद्द्यावर आली. त्यांना शनिवार-रविवारी भाजी लावायची होती. गच्चीवरच्या कुंड्यांनी तिचं समाधान होत नव्हतं. आमची जमीन पडून आहे हे तिला ठाऊक होतं. "आम्ही तिथं काही लावलं तर चालेल का काका? हवं तर तुम्हीही चला." तिच्या नवऱ्याने बॅटरीवर चालणारं तण काढायचं यंत्र मागवलं होतं, त्याचा व्हिडिओ तो मला दाखवू लागला. व्हिडिओत तण फार शहाणं होतं, रांगेत उभं होतं.

मी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. जाता जाता ती दारात थांबली. "त्या खुरप्याची मूठ मला लहान पडते. बदलता येते का हो?"

"दसरा होऊ दे," मी म्हणालो आणि दार लावलं.

मला तिचा भयंकर राग आला. तिने काही वाईट विचारलं नव्हतं, म्हणून जास्तच आला. दुसऱ्या दिवशी ती दोघं जम्मीची, म्हणजे शमीची पानं घेऊन आली, इथे सोनं म्हणून तीच देतात. वाकून नमस्कार केला. मी पानं घेतली आणि मला बायकोचा दुकानातला चेहरा आठवला. चांगलं पातं गंजत पडलेलं तिला बघवायचं नाही. तिने या मुलीच्या हातात ते खुरपं केव्हाच दिलं असतं, वर तण कसं काढायचं यावर लेक्चरही दिलं असतं. मी त्या दोघांना म्हणालो, रविवारी सकाळी निघू, गाडी तुमची.

शनिवारी गॅलरीत बसून मी मूठ ठोकली. इतकी वर्षं घट्ट बसलेली, पण चारदोन ठोक्यांत सुटली. अंगठा टेकायची जागा झिजून खोलगट झाली होती. मी माझा अंगठा तिथं ठेवून बघितला. तो मावला नाही.

रविवारी जमिनीवर पोचलो. बांधावरची वाळकी बाभूळ तोडली, मुलीची चार बोटं ठेवून माप घेतलं, मूठ घासली, भोक पाडलं. आता लोखंड तापवायला आग हवी होती. मुलीचा नवरा म्हणाला, गाडीत छोटा गॅस आहे. मी त्याला तीन दगड आणायला पाठवलं.

चूल पेटली. खुरप्याचं मागचं टोक मी निखाऱ्यात खुपसलं आणि खिशातून जुनी मूठ काढली. जरा वेळ हातात धरली, मग घातली. बाभूळ छान जळते, तिचा निखारा बराच वेळ टिकतो. त्यात लोखंड लाल झालं, नव्या मुठीत चरचरत गेलं. पाणी मारून मी खुरपं मुलीच्या हातात दिलं. तिने मुठीवर बोटं दोनदा आवळून बघितली आणि वाफ्यासाठी जागा साफ करायला गेली.

आग चांगली होती. मी पिशवीतून पातेलं काढलं, चहा टाकला आणि चुलीवर ठेवलं. बुडाला चिखल लावायचा असतो हे मला ठाऊक होतं. शेजारीच ओली माती होती. मी लावला नाही.

चहा तिघांना पुरला. बूड कोळशासारखं काळं झालं. घरी आल्यावर मी पातेलं आतून धुतलं, बाहेरून घासलं नाही. आता ते माळ्यावर नसतं, ओट्यावर गॅसच्या शेजारी असतं, आणि दूध तापायची वाट बघताना त्याच्या बुडावरून फिरून माझी बोटं काळी होतात.