पानाबाहेरचा छेदनबिंदू

माझ्यासारखीने या शिक्षकांच्या गटावर लिहावे हे धाडसच, क्षमा असावी. पण आज गप्प राहवत नाही.

दुपारी गोव्यात डिचोलीतील एका शिकवणीवर्गात शिक्षिकेच्या जागेसाठी नमुना पाठ दिला. दोन रेषीय समीकरणांच्या रेषा आलेखकागदावर छेदत नव्हत्या. मी म्हटले, "दोन्हींचा चढ वेगळा आहे, पुढे नक्की छेदतील."

संचालक हसले. "बाय, पानार मेळनात म्हणजे सोल्युशन ना. मराठी मिडियमची न्हय गो तू?" पानावर भेटत नाहीत म्हणजे उकलच नाही, आणि मी मराठी माध्यमातली, यावर मुलेही हसली.

मी दुसरा कागद जोडून रेषा वाढवल्या. त्या (१२, १३) या बिंदूत छेदल्या.

संचालकांनी पाहिलेही नाही. मुलांना 'उकल नाही' असेच लिहायला लावले.

जागा गेली. परंतु ती चूक मुलांच्या वह्यांत आहे, परीक्षेत गुण त्यांचे जाणार. त्यांना कोण सांगणार?

मंगळवार, ८ जुलै २०२५, सायंकाळी ६.४०